आज पोरीशी काय बोललास?

रस्त्यात माणूस भेटला की आमच्याकडं राम राम घालतात. डाक्टर राम राम घालायचे नाहीत. छत्रीचं टोक समोरच्याच्या छातीकडं करायचे आणि विचारायचे, "आज पोराशी काय बोललास?" ज्याला पोर नसेल त्याला सोडायचे. ज्याला असेल तो गावचा पाटील असो, मळवली टेसनावरचा सांधेवाला असो, नाहीतर लोणावळ्याहून बांगड्यांची पेटी घेऊन येणारा मण्यार असो, त्याला अडवलाच. बायांना कधी विचारायचे नाहीत. म्हणायचे, "त्या बोलतातच. मुके तुम्ही आहात."

त्या दिवसांत मी त्यांना पाठीमागं अरेतुरे करायचो. आता करत नाही.

सरकारी दवाखान्यातली नोकरी संपवून ते लोणावळ्यात बाजाराच्या मागं दोन खोल्या घेऊन राहिले होते. एकटेच. कुणी म्हणायचं बायकापोरं मेली, कुणी म्हणायचं भावांशी भांडण झालं. मला खरं माहीत नाही आणि माहीत नाही ते मी लिहिणार नाही. अंगात काळा कोट, खाली धोतर, आणि बूट नाडीनं बांधून गळ्यात अडकवलेले. गाडीत बसताना बूट पायात घालायचे, गाडीतून उतरले की काढून गळ्यात. विचारलं तर म्हणायचे, "पाय धुता येतात. बूट धुता येत नाहीत." औषधाचे पैसे द्यायला गेलं तर रागवायचे, आणि न देता गप्प बसलं तरी रागवायचे. आमच्या खोऱ्यात बुधवारी यायचे. गावंच्या गावं पायी फिरून तान्ही पोरं बघायचे. मोठा माणूस खोकून मेला तरी त्याच्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. "तुझं झालं ते झालं," म्हणायचे, "हे अजून व्हायचं आहे."

खांद्याला एक आकड्याचा लोखंडी काटा असायचा, वखारीत असतो तसा. त्याला फडक्याची झोळी बांधून पोर तोलायचे. तेव्हा आमच्याकडं पोर तोलत नसत, तोललेलं पोर जगत नाही म्हणायचे. पहिल्यांदा ते आले तेव्हा शेजारची म्हातारी दारात आडवी झाली.

"अवं डाक्टर, लेकरू काय कांदं हाय व्हय, तोलाया?"

"नाही मावशी. आधी हा भोपळा तोलतो. तुमची सगळी नजर याला लागू दे."

पिशवीतून खरंच भोपळा काढला, झोळीत घातला, काटा वाचला, भोपळ्यावरून मीठ ओवाळल्यासारखा हात फिरवला. म्हातारीला हसू आवरेना. तेवढ्यात पोर झोळीत. पुढं हेच ठरून गेलं. तोच भोपळा घरोघर तोलला जायचा आणि संध्याकाळी शेवटच्या घरात ते तो द्यायला बघायचे. सबंध गावाची नजर लागलेला भोपळा कोण घेणार? मग उचलून लोणावळ्याला न्यायचे आणि स्वतः भाजी करून खायचे.

आता गोळीचं सांगितलं पाहिजे. लावणी आणि कापणीच्या दिवसांत घरात कुणी राहायचं नाही, तान्ह्या पोराची आईसुद्धा भाताच्या खाचरात. मग सकाळी पोराला अफूची गोळी द्यायची, बाजरीच्या दाण्याएवढी. बाळगोळी म्हणायचे तिला. कामशेतच्या बाजारात उघड मिळायची. आईच्या दुधात उगाळून बोटानं चाटवली की पोर दुपार कलेपर्यंत झोपून राहायचं. माझ्या आईनं मला दिली, तिच्या आईनं तिला दिली. कुणी वाईटपणानं देत नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

डाक्टर घरात शिरले की पोर नंतर, आधी डबी शोधायचे. पहिल्यांदा देवळीत हात, मग आढ्यावर छत्रीचं टोक, मग तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत. सापडली की कोटाच्या खिशात. "ही माझी," म्हणायचे. बाया हळहळायच्या, पण देवळीतली डबी देवळीतच ठेवायच्या. कारण डबी गेली तरी पोराला खोकल्याचं औषध मिळायचं, आणि भोपळा बघायला मिळायचा.

माझी ठकू पौषात झाली. पहिलीच. त्याच आठवड्यात आमची म्हैसही व्याली. बुधवार होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, डाक्टरांना ओटीवर बसवलं आणि वाडगा भरून खरवस पुढं केला. आबा मानी माणूस. आल्यागेल्याला हात हलवत जाऊ दिलं नाही कधी.

डाक्टरांनी वाडग्याचा वास घेतला. "हे कशाचं?"

"म्हशीच्या चिकाचं. पैल्या दिसाचा हाय, घ्या."

"सुनेचा चीक कुठे गेला?"

ओटीवर चार माणसं होती. असलं कुणी बोलतं का? आतून सुईण म्हणाली, "भितीच्या कडंला वतला. त्यो जड असतोय, लेकराला पचत न्हाई. तीन दिस गुळाचं पानीच."

"म्हशीचा मला पचतो, रेडकाला पचतो," डाक्टर म्हणाले, "फक्त आईचा लेकराला पचत नाही. बरं." वाडगा खाली ठेवला. "पोरगी प्याल्याशिवाय मी खाणार नाही."

"डाक्टर, माज्या दारात अन्न टाकून उठायचं न्हाई."

"उठतो कुठे? बसलोय की."

आणि बसले. एक माणूस गेला, दोन गेले. वाडग्यावर माश्या बसायला लागल्या, त्या ते छत्रीनं वारत राहिले. आत ठकू रडत होती. आबा नुसते मिशी चावत होते. पाहुणा दारात उपाशी बसलाय, हे गाव बघत होतं. शेवटी आबा आढ्याकडं बघून, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आत सांगा, काय करायचं ते करा म्हणावं."

थोड्या वेळानं रडं थांबलं. डाक्टर कान देऊन ऐकत होते. चुटूचुटू आवाज बाहेर येत होता. मग त्यांनी वाडगा उचलला, पुसून खाल्ला आणि म्हणाले, "अजून आहे?"

ठकूनं बाळसं धरलं ते त्या दिवसापासून. पाच महिन्यांत भोपळ्याला मागं टाकलं. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी आंधळा नव्हतो.

पण आमच्यात रीत होती. बापासमोर, भावकीतल्या म्हाताऱ्यांसमोर आपलं स्वतःचं पोर उचलायचं नाही. नावानं हाक मारायची नाही, खेळवायचं नाही. भावाचं पोर उचललं तर चालतं, आपलं नाही. आपलं उचललं की निर्लज्ज. आमचं घर म्हणजे आबा सदा ओटीवर. त्यामुळं सहा महिने मी ठकूला हात लावला नाही. आबा बाहेर गेले की झोळीजवळून जायचो, बघायचो आणि पुढं व्हायचो. ती हातपाय मारायची. एकदा माझ्या करदोट्याचं टोक तिच्या मुठीत आलं, ते मी सोडवून घेतलं, कारण अंगणात कुणीतरी खाकरलं.

जेठ सरत आला तेव्हाची गोष्ट. मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली होती, आबा होते, सगळी भावकी होती. डाक्टर आले आणि छत्रीचं टोक नेमकं माझ्या छातीवर.

"आज पोरीशी काय बोललास?"

मी मान खाली घातली. लोक हसले.

"अरे, तिला तुझा आवाज तरी माहीत आहे का? दिवसभर बैलांशी बोलतोस. उद्या तिला विचारलं बाप कुठाय, तर बैलाकडे बोट दाखवेल."

मग तर लोक गडबडा लोळायचेच राहिले. आबासुद्धा हसले. मला ते झोंबलं. मी बावीस वर्षांचा होतो, पंचक्रोशीत माझ्यासारखा नांगर धरणारा नव्हता, आणि हा लोणावळ्याचा म्हातारा मला सगळ्यांसमोर पोरीवरून बोलतो.

मी म्हणालो, "बैलाशी बोललं तर बैल चालतोय. ते ऱ्हाऊ द्या. घराघरातल्या अफूच्या डब्या नेता त्या कुटं जात्यात ते सांगा आदी. सोता खाताय व्हय? म्हनून हिंडताय आमच्या बायकांच्या कनग्या उपसत?"

हसू फिरलं. आता ते त्यांच्यावर होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "तरी म्हनलं डोळं तांबडं का असत्यात!" डाक्टरांनी उन्हात छत्री उघडली आणि टेसनाच्या वाटेला लागले. त्या दिवशी मला तीन जणांनी पानसुपारी दिली.

माझ्या तोंडचं ते खोऱ्यात पसरायला आठ दिवस लागले नाहीत. अफूवाला डाक्टर. पोरंसुद्धा ओरडायची. बायांनी डब्या देवळीतून काढल्या आणि जिथं डाक्टरचा हात पोचणार नाही तिथं लपवल्या. आमच्या घरात डबीचे दोन भाग झाले. चार गोळ्या बायकोनं लुगड्याच्या कनवटीला बांधल्या. बाकीच्या आबांनी पानाच्या चंचीत टाकल्या, म्हाताऱ्याची चंची कोण तपासणार? आधी एक डबी होती, एका देवळीत होती. गोळी दिली की डबी खाली काढलेली दिसायची, घरात सगळ्यांना कळायचं. आता कळायचं बंद झालं. हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं.

लावणीचा तिसरा दिवस. बुधवार. इर्जिकीला, म्हणजे बिनमजुरीच्या सामायिक कामाला, आठ-दहा माणसं आली होती, सगळी चिखलात. ठकूला बांधावर कांबळ्यावर निजवलं होतं आणि वर इरलं उपडं घातलं होतं, पाऊस लागू नये म्हणून. शेजारी आबा आणि भावकीतले दोन म्हातारे दुसऱ्या इरल्यांखाली बसून पान खात होते. सकाळी ठकू मध्येच रडल्याचं ऐकू आलं होतं, मग गप्प झाली.

दुपारी माझी रोपं संपली. नवी जुडी बांधावर इरल्याजवळ पडली होती, ती घ्यायला मी वर आलो. वाकलो तर ठकूचं तोंड दिसलं. ओठ करवंदाच्या रंगाचे. छाती हलत होती, पण एकदा हलली की पुन्हा हलायला फार वेळ घेत होती. मी तिथं उभा राहिलो. हात पुढं गेलाही असेल.

आबा म्हणाले, "काय बगतोस? निजलीय, निजू दे."

दोघं म्हातारे माझ्याकडं बघत होते.

मी जुडी उचलली आणि खाचरात उतरलो. ओळ लावली. अर्धी नाही, सबंध लावली, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, एकही रोप वाकडं न लावता. त्या टोकाला बायको होती. तिला मान न वळवता म्हणालो, "पोरीकडं बग जरा."

ती गेली आणि तिची किंकाळी आली.

तिनं पोर छातीला धरलं आणि टेसनाकडं धावत सुटली. लावणीत घरं ओस असायची, म्हणून त्या दिवसांत बुधवारी दुपारच्याच गाडीनं डाक्टर परतायचे, हे तिला ठाऊक होतं. मी तिच्या मागून निघालो. मागून. चालत. आबांची नजर पाठीवर होती. करवंदीच्या जाळीआड वाट वळते, तिथं बांध दिसेनासा झाला, तेव्हा मी पळालो, तिला गाठली आणि तिच्या हातून ठकूला घेतलं. पहिल्यांदा घेतलं. मला वाटलं होतं जड असेल.

डाक्टर टेसनाच्या बाकावर बूट घालत होते. एक पायात, एक हातात. आम्हाला बघून हातातला बूट खाली पडला. ठकूची पापणी वर करून बघितली.

"किती गोळ्या?"

"येकच," बायको म्हणाली. "सकाळी येकच दिली, आईच्यान."

"एवढ्यानं असं होत नाही." मग माझ्याकडं वळले. "कधीपासून अशी आहे?"

"आत्ताच बगितलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या चिखलानं भरलेल्या हातांकडं बघितलं. सांधेवाल्याला काळी कॉफी आणायला पिटाळलं. ठकूच्या तळपायांवर टिचक्या मारल्या, तिच्या तोंडात तोंड घालून वारा भरला, छाती दाबली, पुन्हा वारा भरला. मधेच ओरडले, "झोपू द्यायची नाही हिला. हाका मारा."

बायकोचा घसा बसला होता. तिच्या तोंडातून नुसते हुंदके येत होते.

"तू मार. बाप आहेस ना? नावानं हाक मार. बोल तिच्याशी, थांबू नकोस."

मी तोंड उघडलं. सहा महिन्यांत ते नाव मी मोठ्यानं घेतलं नव्हतं. "ठकू" म्हणालो, ते दुसऱ्याच कुणाच्या पोरीला हाक मारल्यासारखं आलं.

"पुढे बोल!"

पुढं काय बोलायचं असतं लहान पोराशी? मला एक शब्द येईना. आणि मग जे आलं ते येऊ नये ते आलं. "हो... हो रं राजा... चल, चल, उचल पाय, हो..." चिखलात बैल बसला की त्याला म्हणतो ते. मी तेच म्हणत राहिलो, मोठमोठ्यानं, फलाटावर. डाक्टरांनी मला गप्प केलं नाही. ठकूनं एकदा डोळे किलकिले केले. माझ्याकडं नाही. आईच्या हुंदक्याकडं. मग मिटले.

गाडी आली. डाक्टर चढले नाहीत. गाडी गेली. कॉफीचा पेला बाकावर तसाच होता. त्यांनी आपला कोट काढून ठकूच्या तोंडावरून पांघरला आणि त्याच्या खिशातून दोन-तीन डब्या खडखडत खाली पडल्या. सांधेवाला त्या गोळा करत मला म्हणाला, "ह्या दर खेपंला इंजिनाच्या भट्टीत टाकाया सांगत्यात. डायवर वळखीचा हाय त्यांच्या." घाटातली गाडी अजून विजेची झाली नव्हती तेव्हा.

संध्याकाळी घरी आबांनी चंची उलगडली. "म्यां बी येक दिली," म्हणाले. "रडत हुती. सकाळी दिलीया ह्ये मला कुनी सांगितलं?" दुसऱ्या दिवशी चंची इंद्रायणीत सोडून आले. त्यानंतर पान खाल्लं नाही, आणि ठकूचं नाव मरेपर्यंत काढलं नाही.

आबांना सगळ्यांनी मनातल्या मनात दोष दिला. मी देऊ दिला. बांधावर मी काय बघितलं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पुढं दोन मुलगे झाले, जगले. त्यांच्या वेळी गोळी घरात आली नाही, डाक्टरांकडून तोलूनही घेतले त्यांना. पण झोळीजवळ जाऊन तोंड उघडलं की मला स्वतःचा तो फलाटावरचा आवाज ऐकू यायचा, आणि मी तोंड मिटायचो. ते मला वचकून वाढले. आजही कामापुरतं बोलतात.

डाक्टर येत राहिले. दर बुधवारी, तसेच, बूट गळ्यात, भोपळा पिशवीत. अफूवाला म्हणणारी तोंडं हळूहळू बंद झाली, काहींची मी केली. भेटेल त्याच्या छातीला छत्री लावून विचारायचे, आज पोराशी काय बोललास. माझ्या डाव्या-उजव्याला बसलेल्यांना विचारायचे. मला पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्यापाशी आले की छत्री खाली व्हायची. दोन मुलगे झाले तरी नाही. किती वर्षं मी मुद्दाम त्यांच्या वाटेत उभा राहिलो, ते मलाच माहीत. शिवी दिली असती तरी घेतली असती.

शेवटचे भेटले ते दुसऱ्या लढाईत. देहूरोडला लष्कराचं काम चालू होतं, मी तिथं मातीकामाला जायचो. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारात गेलो तर एका चिक्कीवाल्याच्या पायरीवर डाक्टर बसलेले. पार वाळले होते. बूट गळ्यात होते, पण नाड्या नव्हत्या, सुतळी होती. दुकानदार म्हणाला, "त्यांना आता काही आठवत नाही. कुणालाच ओळखत नाहीत. बसू देतो मी."

मी पुढं जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं. हात चाचपडत छत्रीवर गेला, छत्री उचलली, टोक माझ्या छातीला लागलं.

"आज पोरीशी काय बोललास?"

पोराशी नाही. पोरीशी.

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो. सगळं सांगितलं. बांधावर मी आधीच बघितलं होतं, ओठ बघितले होते, आबा बसले होते म्हणून उचलली नाही, एक सबंध ओळ लावली, मग सांगितलं, तुमच्याशी खोटं बोललो. वीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. दुकानदार चिक्की कापायचा थांबला होता.

डाक्टर कान देऊन ऐकत होते, त्या दिवशी ओटीवर ऐकत होते तसे. माझं संपल्यावर बराच वेळ मान हलवत राहिले. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"छान," म्हणाले. "असंच रोज बोलत जा तिच्याशी."

मी व्हय म्हणालो.